फिलिपिन्सच्या प्रांतांत रस्त्यावरचं खाणं: काय, कुठे आणि मुख्य म्हणजे किती वाजता

मनिला मागे टाकून एखाद्या प्रांताच्या बसमध्ये बसलं की खाण्याचा खर्च झपाट्याने उतरतो आणि गोंधळ वाढतो. मेनूकार्ड नसतं. शेजारचा माणूस काय खातोय ते ओळखू येत नाही. सकाळी सातला ज्या टोपल्यातून वाफा निघत होत्या, ते टोपलं दहाला जागेवर नसतं. कारण तिथल्या स्वस्त खाण्याला ठरलेली वेळ असते. वेळ साधली तर पदार्थ ताजा, गरम आणि रास्त भावात मिळतो. चुकली तर तोच पदार्थ गार होऊन पडलेला असतो, आणि पोट बिघडतं ते बहुतेकदा अशा पडून राहिलेल्या पदार्थाने. म्हणून या लेखात पत्त्यांपेक्षा घड्याळाला जास्त जागा दिली आहे.

किमती पेसोमध्ये आहेत. एक पेसो म्हणजे ढोबळमानाने दीड रुपया. आकडे अंदाजे धरा, पर्यटनाच्या गावात सरळ वरचा आकडा पकडा.

सुटे पैसे आणि कामापुरते शब्द

ठेल्यावर हजाराची नोट म्हणजे डोकेदुखी. सकाळी सहाला ताहोवाल्याकडे (ताहो म्हणजे गोड, मऊ टोफूचा नाश्ता) हजाराचे सुटे नसतात, आणि तो ते शोधत बसला तर मागचं गिऱ्हाईक जातं. एटीएममधून पैसे काढले की लगेच एखाद्या सुपरमार्केटमध्ये पाण्याची बाटली घेऊन नोट मोडा. २०, ५० आणि १०० च्या नोटा आणि नाणी वेगळ्या खिशात ठेवा. परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी साधारण अडीचशे पेसो कापतं, तेव्हा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढलेले बरे. दुकानांवर जीकॅशचे (मोबाइलवरून पैसे देण्याच्या ॲपचे) फलक दिसतात, पण पाहुण्याने त्यावर विसंबू नये. रोख लागतेच.

भाषेचं म्हणाल तर इंग्रजीवर भागतं, तरी चार शब्द आले की वागणूक बदलते. मोठ्या बाईला 'आते', मोठ्या माणसाला 'कुया' म्हणायचं आणि वाक्याला 'पो' जोडायचा. 'पो' म्हणजे आपल्याकडचं 'अहो-जाहो'. दुकानापुढे उभं राहून 'पाबिली पो' म्हटलं की आतून कोणीतरी येतं. 'माग्कानो पो?' म्हणजे किती झाले. सेबू आणि विसायास या मधल्या बेटांवर तगालोगपेक्षा (वरचे शब्द याच भाषेतले) 'तागपिला नी?' चांगलं चालतं. 'सुक्ली' म्हणजे परत द्यायचे सुटे, 'बार्या' म्हणजे चिल्लर. कोणी जेवताना 'काइन पो' म्हणालं तर ते 'या जेवायला' इतकंच आहे. हसून 'सालामात पो' (धन्यवाद) म्हणायचं, खरोखर ताटात बसायचं नाही.

पदार्थ ओळखायला हे शब्द पाठ हवेत: बाबोय म्हणजे डुक्कर, बाका म्हणजे गाय-बैलाचं मांस, मानोक म्हणजे कोंबडी, इस्दा म्हणजे मासा, हिपोन म्हणजे कोळंबी, इतलोग म्हणजे अंडं, गुलाय म्हणजे भाजी, दुगो म्हणजे रक्त. शेवटचा शब्द विनाकारण दिलेला नाही. 'दिनुगुआन' नावाची काळपट दाट रस्साभाजी पातेल्यात बघायला झकास दिसते आणि तिचा रस्सा डुकराच्या रक्ताचा असतो.

कारिंदेर्या: झाकण उचलायचं आणि बोट दाखवायचं

कारिंदेर्या म्हणजे तिथली खानावळ. लांब फळीवर सात-आठ पातेली ओळीने मांडलेली असतात. ग्राहकाने झाकण उचलून आत बघणं यात गैर काही नाही, सगळे तेच करतात. क्रम असा ठेवा:

१. आधी सगळ्या पातेल्यांवरून एक फेरी मारा. पातेलं भरलेलं आहे की तळाला चार तुकडे उरलेत ते बघा.

२. हव्या त्या पदार्थाकडे बोट दाखवून भाव विचारा. भाजी किंवा मटण जे काही असेल त्याला 'उलाम' म्हणतात. एका वाटीचे ५० ते ९० पेसो होतात. भाताची मूद वेगळी, १० ते २० पेसो.

३. भूक कमी असेल तर अर्धी वाटी मागा. बऱ्याच ठिकाणी देतात. दोन अर्ध्या वाट्या घेतल्या तर त्याच पैशात दोन चवी होतात.

४. गरम पाण्याच्या भांड्यात उभे ठेवलेले चमचे-काटे तिथूनच घ्या. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात. सुरी नसते. हाताने खाल्लं तरी कोणी वळून बघत नाही.

५. टेबलावरच्या जगमधलं पाणी फुकट असतं. ते सोडा आणि बाटली घ्या.

६. पैसे काही ठिकाणी आधी, काही ठिकाणी उठताना. पुढचा माणूस काय करतो ते बघा.

सोबत 'साबाव' म्हणून वाटीभर पाणचट रस्सा बहुतेकदा फुकट येतो. तो हाडांचा असतो, हे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं.

आता वेळ. ही पातेली पहाटे चढतात आणि साडेदहा-अकराच्या सुमाराला फळीवर येतात. जेवायला अकरा ते साडेबारा ही उत्तम वेळ. दोननंतर पातेल्यातलं अन्न कोमट झालेलं असतं, आणि तिथल्या ३०-३२ अंशांच्या दमट हवेत कोमट अन्न म्हणजे जंतूंची चंगळ. त्यातही फरक करावा लागतो. 'आदोबो' या मांसाच्या पदार्थात व्हिनेगर, मीठ आणि सोया सॉस असतो, त्यामुळे तो दिवसभर बऱ्यापैकी टिकतो आणि संध्याकाळी गरम करून दिला तर खायला हरकत नाही. नारळाच्या दुधातलं, म्हणजे ज्याच्या नावात 'गिनाताआन' किंवा 'गाता' येतं ते काहीही, दुपारनंतर घेऊ नका. नारळाचं दूध आपल्या कोकणात जितक्या लवकर आंबतं तितक्याच लवकर तिथेही आंबतं. मात्र तिखट आणि खारटपणात ते चटकन जिभेला कळत नाही.

पहाटेपासून रात्रीपर्यंत

पहाटे पाच ते नऊ. बेकरीत पांदेसाल निघतात, तीन-चार पेसोला एक छोटा गरम पाव. नाश्त्याच्या टपरीवर 'सिलोग' मिळतं: लसणावर परतलेला आदल्या दिवसाचा भात, वर एक अंडं आणि सोबत मांस. मांस कुठलं ते नावाच्या पहिल्या तुकड्यात असतं. तापसिलोगमध्ये मुरवून वाळवलेलं बीफ, लोंगसिलोगमध्ये सॉसेज, बांगसिलोगमध्ये बांगुस मासा. ७० ते १२० पेसोत दुपारपर्यंत बघायला नको.

याच वेळेला खांद्यावर काठी आणि काठीला दोन अॅल्युमिनियमचे डबे लावून ताहोवाला 'ताहोऽऽ' ओरडत जातो. एका डब्यात सोयाबीनचं मऊ, थरथरणारं टोफू. दुसऱ्यात काळ्या साखरेचा पाक आणि साबुदाण्याचे मोठे मोती. पसरट पळीने टोफूचे पातळ थर काढून ग्लासात भरतात, वर पाक आणि साबुदाणा. किंमत २० ते ४० पेसो. गरम असतानाच प्यायचं, ग्लास तोंडाला लावून. पूर्ण शाकाहारी आणि जवळजवळ सगळीकडे मिळणारा असा दुसरा नाश्ता नाही. बागियोला पाकाऐवजी स्ट्रॉबेरी घालतात, तो प्रकार गोडमिट्ट असतो आणि फोटोसाठी जास्त चालतो. ताहोवाला नऊनंतर सहसा दिसत नाही. दुपारी दिसलाच तर टोफूला पाणी सुटलंय का ते बघून घ्या.

नऊ ते साडेदहा आणि दुपारी तीन ते पाच. या दोन 'मेर्येंदा', आपला मधल्या वेळचा चहा-फराळ. पालेंगके म्हणजे मंडई, तिच्या दाराशी आणि चर्चसमोरच्या चौकात टोपल्या घेऊन बायका बसतात. तांदळाचे गोड पदार्थ (सगळ्यांना मिळून 'काकानिन' म्हणतात) सकाळीच घ्यावेत. वाफवलेला पुतो, चिकट तपकिरी कुचिन्ता वर ओलं खोबरं घालून, केळीच्या पानात बांधलेलं सुमान, गूळ-नारळाच्या दुधातला चिकट तांदूळ म्हणजे बिको. एक तुकडा १० ते २५ पेसो. दाबून बघितल्यावर कडक लागला तर तो कालचा.

बिबिंगका मागताना गोव्याची बेबिंका डोळ्यांसमोर आणू नका. इथे थर नसतात. केळीच्या पानावर तांदळाच्या पिठाचं घोळ, खाली निखारे आणि वरच्या पत्र्यावरही निखारे. भाजून झाल्यावर वर लोणी, साखर, ओलं खोबरं, कधी खारवलेलं अंडं आणि चीज. १६ ते २४ डिसेंबर या नऊ दिवसांत पहाटेच्या प्रार्थनेनंतर चर्चबाहेर ही बिबिंगका आणि बांबूच्या नळीत वाफवलेला जांभळा 'पुतो बुंबोंग' मिळतो. त्या दिवसांत तिथे असाल तर पहाटे उठाच.

दुपारच्या मेर्येंदाला तळणाचे ठेले लागतात. साबा जातीची केळी काळ्या साखरेत तळून काडीला ओवली की 'बनाना क्यू', रताळ्याची केली की 'कामोते क्यू', केळं आणि फणसाची फोड पातळ आवरणात गुंडाळून तळली की 'तुरोन'. १५ ते २५ पेसो. तेलात साखर सोडल्याने पाक वरून काचेसारखा कडक होतो आणि आत मुरतो, त्यामुळे पहिला घास घाईने घेतला तर टाळू पोळतो. याच ठेल्यावर 'क्वेक-क्वेक' असतात: लावीची उकडलेली अंडी केशरी पिठात बुडवून तळलेली. फिश बॉल आणि किकियामही (माशाच्या लगद्याच्या तळलेल्या वळकट्या) तिथेच, मोजून एकेक विकले जातात. ग्राहक स्वतः काडीने कढईतून टोचून घेतो आणि शेवटी आकडा सांगतो. विक्रेता विश्वास ठेवतो, तेव्हा मोजून खा.

संध्याकाळी पाचनंतर निखारे पेटतात. आठनंतर बलुत, म्हणजे उबवलेलं बदकाचं अंडं. दोन्हींबद्दल पुढे.

शिगेवरचं कसं निवडायचं

'इहाव-इहाव' म्हणजे निखाऱ्यावरची भाजणी. ताटात कच्च्या काड्या रचलेल्या असतात आणि नावं गमतीची: कोंबडीचे पाय 'आदिदास', डुकराचे कान 'वॉकमन', गोठवून चौकोनी कापलेलं रक्त 'बेटामॅक्स', कोंबडीचं डोकं 'हेल्मेट'. 'इसाव' म्हणजे आतडी. एक काडी ५ ते २० पेसो, मांसाच्या तुकड्यांचं बार्बेक्यू २५ ते ५०.

इसाव चांगलं की वाईट हे भाजण्याआधीच ठरलेलं असतं. आतडी उलटी करून मीठ-व्हिनेगरने चोळून धुतात, मग उकडतात, मग नागमोडी ओवतात. निखारा फक्त वास आणि रंग देतो. म्हणून ताटातली काडी बघा. उकडलेली असेल तर ती फिकट, आटलेली आणि कोरडी दिसते. गुलाबी, ओलसर, बुळबुळीत दिसली तर पुढे चला. खाताना कडवट लागली तर धुण्यात कसर राहिली आहे. काडी तिथेच ठेवून द्या, दहा पेसोसाठी जिद्द नको.

आणखी एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. सोया सॉस, केळ्याचं केचप आणि कालामान्सीचा (छोट्या लिंबाचा) रस यांचं मिश्रण ब्रशने लावतात, आणि तोच ब्रश कच्च्या आणि भाजलेल्या दोन्ही काड्यांवर फिरतो. शेवटचा हात फिरल्यावर काडी पुन्हा अर्धा-एक मिनिट निखाऱ्यावर राहिली पाहिजे. भाजणाऱ्याने थेट प्लेटमध्ये दिली तर 'इनितिन पो उलित', म्हणजे पुन्हा गरम करा, असं सांगा. आधीच भाजून ठेवलेल्या काड्यांनाही हेच लागू.

ज्वाळा उठत असतील तर थांबा. चरबी गळून पेटलेली असते, वरून काळं आणि आत कच्चं मिळतं. राखेचा पांढुरका थर आलेले निखारे हवेत.

सुका, म्हणजे व्हिनेगर

या देशात चटणी म्हणजे व्हिनेगर. नारळाच्या माडीचं, उसाचं आणि खाजणात वाढणाऱ्या निपा पामचं, असे मुख्य प्रकार. गोव्यात माडाचं व्हिनेगर वापरणाऱ्यांना पहिल्याच थेंबाला ओळख पटेल. इलोकोसचं उसाचं व्हिनेगर गडद आणि करकरीत आंबट असतं. इलोइलो-बाकोलोदकडे 'सिनामाक' म्हणून बाटली असते, त्यात लसूण, आलं, गलांगल (आल्यासारखं एक मूळ), मिरी आणि लवंगी मिरच्या मुरवलेल्या असतात. तिखटाची सवय असलेल्या जिभेला तिथल्या साध्या जेवणात जे कमी वाटतं ते ही बाटली भरून काढते. फिलिपिनो जेवण एकूण गोडाकडे आणि खारटाकडे झुकतं, तिखट फारसं नसतं. टेबलावरची बाटली, कालामान्सी आणि लवंगी मिरची मिळून आपापलं 'सावसावान' तयार करायचं असतं.

धोका आहे तो ठेल्यावरच्या सामायिक बरणीत. दिवसभर लोक त्यात काड्या बुडवतात आणि खाल्लेली काडी पुन्हा बुडवू नये हा नियम सगळेच पाळतात असं नाही. व्हिनेगरच्या बरणीपेक्षा गोड तपकिरी सॉसची बरणी जास्त संशयास्पद, कारण तो पिठाने दाट केलेला असतो आणि आंबट नसतो. कागदी कप मागा आणि त्यात डावाने सॉस ओतून घ्या. बहुतेक ठेल्यांवर हे कप ठेवलेलेच असतात.

बलुत खायचंच असेल तर

बलुत म्हणजे फलित झालेलं बदकाचं अंडं साधारण १४ ते १८ दिवस उबवून उकडलेलं. रात्री टोपलीत, कापडाखाली गरम ठेवलेलं मिळतं, २० ते ३० पेसो. ज्यांना थेट झेपणार नाही त्यांनी आधी 'पेनोय' मागावं. त्यात पिल्लाचा आकार नसतो, चव दाट उकडलेल्या बलकासारखी.

अंडं हातात घेतल्यावर चटका बसला पाहिजे. कोमट असेल तर परत द्या. रुंद टोक वर धरून चमच्याच्या मागच्या बाजूने टिचकी मारा, नाण्याएवढं कवच काढा आणि आतलं पातळ पांढुरकं आवरण थोडं फाडा. आत रस्सा असतो. चिमूटभर मीठ टाकून तो आधी पिऊन टाका. तो प्यायला नाही तर पुढचं कवच सोलताना सगळा हातावर सांडतो, आणि खरी चव त्यातच असते. मग निम्मं कवच सोला, मिरची-व्हिनेगरचे काही थेंब घाला, पिवळा भाग आणि पिल्लू खा. तळाशी पांढरा, रबरासारखा कडक गोळा राहतो, तो बहुतेक जण टाकून देतात. पिल्लू डोळ्यांना नको असेल तर विकत घेतानाच कमी दिवसांचं मागा: 'बलुत सा पुती' म्हणजे पिल्लू अजून पांढऱ्या आवरणात गुंडाळलेलं असतं, पिसं-चोच जाणवत नाही. आणि अंधारात खाण्याची पद्धत आहे ती उगाच नाही.

कुठल्या प्रांतात काय

सगळे प्रांत इथे मावणार नाहीत. वाट वाकडी करावी अशा जागा तेवढ्या घेतो.

इलोकोस. विगानच्या प्लाझा बुर्गोसमध्ये दुपारनंतर एम्पानादाच्या कढया लागतात. तांदळाच्या केशरी पिठाची पारी केळीच्या पानावर किंवा प्लास्टिकवर पातळ लाटतात, त्यावर किसलेली कच्ची पपई, सॉसेज आणि फोडलेलं कच्चं अंडं. पारी दुमडून बशीच्या काठाने कड कापतात आणि पान उलटं करून अलगद तेलात सोडतात. साधारण ५० ते १०० पेसो, आत काय भरलंय त्यावर. उत्तरेला बाताक गावात पारी जास्त केशरी आणि सारणात मोड आलेले मूगही असतात. 'वालांग लोंगानिसा' म्हटलं की सॉसेजशिवाय करून देतात, डोळ्यांसमोर भरत असल्याने खात्रीही करता येते. तेल मात्र तेच असतं. ताजं खावं. दहा मिनिटांत पपईचं पाणी सुटून पारी लिबलिबीत होते, बांधून घेऊन हॉटेलवर खायचा हा पदार्थ नाही.

पंपांगा. आंजेलेस शहरात रेल्वे फाटकाजवळ लुसिया कुनानान ऊर्फ आलिंग लुसिंग यांनी १९७४ च्या सुमारास डुकराचं डोकं उकडून, भाजून, बारीक चिरून गरम तव्यावर वाढायला सुरुवात केली, तेव्हापासून आजचं 'सिसिग' सुरू झालं. मूळ प्रकार कांदा, मिरची आणि कालामान्सीवर चालतो. वर अंडं आणि मेयोनेज ही नंतरची भर, नको असेल तर आधीच सांगावं.

केसोन आणि बातांगास. लुकबानमध्ये 'पान्सित हाबहाब' केळीच्या पानाच्या तुकड्यावर मिळतं, २० ते ४० पेसो. पान तळव्यावर धरायचं, व्हिनेगर शिंपडायचं आणि नूडल्स थेट तोंडाने ओढायच्या. काटा मागू नका, मिळणार नाही. १५ मेच्या पाहियास उत्सवात गर्दी तुफान असते आणि भावही. बातांगासच्या लोमीत जाड नूडल्स आणि पिठाने दाट केलेला रस्सा असतो. तोंडातला चमचा पुन्हा पुन्हा वाडग्यात ढवळला की लाळेतलं विकर स्टार्च तोडतं आणि रस्सा पाण्यासारखा होतो. वरून खालपर्यंत, न ढवळता, गरम असतानाच संपवायची.

बिकोल. इथे नारळाचं दूध आणि मिरची दोन्ही सढळ, त्यामुळे मराठी माणूस रमतो. 'लाइंग' म्हणजे वाळवलेल्या अळूच्या पानांची नारळाच्या दुधातली भाजी. आपण अळूची खाज चिंचेने मारतो. ते पानं वाळवून आणि दुधात मंद आचेवर बराच वेळ शिजवून तेच साधतात, आणि पानं पूर्ण मऊ होईपर्यंत ढवळत नाहीत. पहिल्या घासाला घसा खवखवला तर भाजी कच्ची आहे, पुढे खाऊ नका. त्यात डुकराचे तुकडे, सुकट किंवा कोळंबीची पेस्ट जवळजवळ नेहमी असते. लेगास्पीकडे मिरचीचं आइस्क्रीम मिळतं. गंमत म्हणून एक कप पुरे.

इलोइलो आणि बाकोलोद. इलोइलो शहराला २०२३ मध्ये युनेस्कोने खाद्यसंस्कृतीच्या सर्जनशील शहरांत घेतलं. ला पाझच्या मंडईतलं बाचोय त्याच्याही आधीपासून प्रसिद्ध आहे: नूडल्स, काळीज-आतड्यांचे पातळ काप, वर चुरलेलं डुकराचं कुरकुरीत कातडं, तळलेला लसूण आणि उकळता रस्सा. ८० ते १३० पेसो. रस्सा संपला की वाडगा पुढे करा, बऱ्याच ठिकाणी पुन्हा फुकट घालतात. याच भागात 'काद्योस' नावाचे दाणे डुकराचं मांस आणि कच्च्या फणसाबरोबर शिजतात. ते दाणे म्हणजे आपली तूर.

बाकोलोदला कोंबडी 'इनासाल' खा. 'पाआ' म्हणजे तंगडी, 'पेचो' म्हणजे छाती. तंगडीच घ्या, छाती निखाऱ्यावर कोरडी पडते. टेबलावरचं केशरी तेल कोंबडीच्या चरबीत आत्सुएतेच्या (शेंदरीच्या) बिया घालून केलेलं असतं, ते भातावर घालायचं.

सेबू. इथे भात 'पुसो'मध्ये येतो, म्हणजे नारळीच्या कोवळ्या पातींच्या विणलेल्या पुडीत तांदूळ भरून उकडलेला. एक पुसो ५ ते १० पेसो. पुडी मधोमध चिरून, पातींना धरूनच खायची. हात न धुता जेवता यावं यासाठीची ही सोय रस्त्यावर फार कामाची आहे. 'पुंगको-पुंगको'च्या बाकावर तळलेल्या जिनसांचं टोपलं समोर येतं: आतडं, सॉसेज, लुम्पिया (पातळ आवरणाचे तळलेले रोल), मसालेदार 'न्गोह्योंग'. हातात घालायला प्लास्टिकची पिशवी देतात. जे उचललं त्याचे पैसे. शंभर-दीडशे पेसोत पोट भरतं. कारकारच्या मंडईतलं लेचोन, म्हणजे अख्खं भाजलेलं डुक्कर, वजनावर मिळतं. पाव किलो दोघांना पुरतं आणि बाराच्या आत घ्यावं. दुपारी कातडं दमट हवेने मऊ पडतं, आणि पैसे तर त्या कुरकुरीत कातड्याचे असतात.

मिंदानाओ. झांबोआंगाला पहाटे 'सात्ती' मिळते: बारीक काड्यांवरचं बीफ किंवा कोंबडी, भाताचे तुकडे आणि वर गोड-तिखट लाल रस्सा. नऊनंतर जाऊन उपयोग नाही. इथे मुस्लिम वस्ती मोठी असल्याने हलाल सहज मिळतं. मात्र पश्चिम मिंदानाओ आणि सुलूबद्दल सरकारी प्रवास सूचना वाचूनच जायचं ठरवा. दवाओला ड्युरियन ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये भरपूर येतं. भाव सालीसकट किलोचा असतो, म्हणून छोटं फळ निवडा आणि तिथेच फोडून खा, हॉटेलात आणि विमानात ते चालत नाही.

शाकाहारी असाल तर

अवघड आहे, अशक्य नाही. 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर भाजीत 'थोडंसंच' डुकराचं मांस असलेलं ताट येऊ शकतं, कारण तिथे मांस चवीपुरतं घालतात आणि त्याला मोजत नाहीत. नकार पदार्थागणिक द्या: 'वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग बागोओंग, वालांग पातीस पो.' शेवटच्या दोन म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट आणि माशाचं पाणी. आधीच शिजलेल्या भाजीतून हे काढता येत नाही, म्हणून कारिंदेर्यात उलाम मागण्यापेक्षा भात, ताजं तळलेलं अंडं आणि टोमॅटो मागा.

शुक्रवारी बहुतेक कारिंदेर्यांत 'मुंगो' म्हणजे अख्ख्या मुगाची आमटी असते. कॅथलिक रिवाजाने शुक्रवार बिनमांसाचा, पण मासा चालतो, तेव्हा त्यात सुकी मासळी आहे का ते विचारा. बाकी भरवसा ठेवावा असं: ताहो, बनाना क्यू, तुरोन, उकडलेलं कणीस, लसणात तळलेले दाणे, शहाळं, सुमान, बिको, कुचिन्ता. कच्च्या कैरीवर बागोओंग लावून देतात, तिथे 'आसिन लांग' म्हणजे फक्त मीठ असं सांगा. गुड फ्रायडेला अनेक गावांत ठेलेच बंद असतात. आदल्या दिवशी खायचं घेऊन ठेवा.

बिघडतं कुठे

बर्फ: मधे भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यातला असतो. लादी फोडून केलेला बर्फ आणि 'हालो-हालो' या बर्फाच्या गोड पदार्थासाठी किसलेला बर्फ कुठल्या पाण्याचा ते कळत नाही. गर्दीचं दुकान निवडा.

कच्चा मासा: 'किनिलाव'मध्ये मासा व्हिनेगरने पांढरा पडतो, शिजत नाही. परजीवी आम्लाने मरतातच असं नाही. बंदरावर सकाळी, मासा तुमच्यासमोर कापला तरच.

शिंपले: 'रेड टाइड'चा इशारा असलेल्या खाडीतले शिंपले-कालवं कितीही उकळली तरी विषारीच राहतात. मत्स्य खातं हे इशारे जाहीर करतं. मुक्कामाच्या मालकाला विचारलं तरी कळतं.

लांबानोग: ही नारळाची दारू. डिसेंबर २०१९ मध्ये लगुना आणि केसोनमध्ये मिथेनॉल मिसळलेली पिऊन माणसं दगावली. लेबल नसलेल्या बाटलीतली घेऊ नका, यजमानाने आग्रह केला तरी.

निघण्याआधी टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए च्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा. जुलाबात रक्त किंवा ताप आला तर ठेल्याचा विचार सोडून दवाखाना गाठा.

सोबत काय आणावं

मांसाचे पदार्थ विमानतळावर अडतात, बागोओंगची बरणी बॅगेत फुटली तर कपडे फेकावे लागतात. लगुनाचा 'बुको पाय' (कोवळ्या खोबऱ्याचा भाजलेला गोड पाई) दोन दिवसांत आंबतो. सेबूचे वाळवलेले आंबे, बिकोलचे पिली दाणे आणि नेग्रोसची पियाया (गुळपोळीच्या घरातलीच, आकाराने तळहाताएवढी) नीट टिकतात. सेबू-बोहोलच्या मंडईत कोकोच्या जाड वड्या मिळतात, त्यांना 'टाब्लेया' म्हणतात. त्यांचा 'सिक्वाते' म्हणजे गरम चॉकलेट घरी करायला कपभर पाण्याला दोन-तीन वड्या घ्या, उकळी आल्यावर टाका, विरघळल्या की साखर घालून रवीने फेस येईपर्यंत घुसळा. दूध घालायचं असेल तर गॅस बंद केल्यावर.